वाट तसा दिवा
डिचोलीच्या रस्त्यांवरून पथदीपांच्या मांडणीचा विचार

गावात दिवे किती लागले, हा प्रश्न पंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या सभांतून नेहमी विचारला जातो. ते कोठे लागले, किती उंचीवर लागले आणि कोणाच्या डोळ्यांसाठी लागले, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. परिणाम असा होतो, की रुंद हमरस्त्यावर जो दिवा, तोच पेठेतल्या बोळात आणि तोच वाड्यावरच्या चढावावर. खर्च होतो, वीज जळते, तरी अंधाराची तक्रार कायम राहते. पथदीपांची मांडणी हे एक शास्त्र आहे आणि त्याची मूळ सूत्रे सामान्य गृहस्थाला समजण्याजोगी आहेत, हे दाखविण्यासाठी आम्ही गोमंतकातील डिचोली हे गाव निवडले आहे. या निवडीला कारण आहे. हमरस्ता, जुनी पेठ, वळणांचा घाटवजा रस्ता, नदीवरचा पूल, खनिजाची वाहतूक आणि उत्सवाची पायवाट हे सारे येथे काही कोसांच्या आत एकत्र सापडते.

डिचोली हे उत्तर गोव्यातील तालुक्याचे ठिकाण. सावंतवाडीकर भोसल्यांकडून हा मुलूख १७८१ च्या सुमारास पोर्तुगीजांकडे गेला आणि पेडणे, सत्तरी यांसह तो नव्या काबिजातींत मोडू लागला. गावातील आतील पेठ, भायली पेठ ही नावेच सांगतात, की येथे बाजार जुना आहे. बुधवारचा आठवड्याचा बाजार आजही आसपासच्या गावांना येथे खेचून आणतो. येथून एक रस्ता अस्नोड्यावरून म्हापशाकडे जातो, दुसरा साखळीकडे, तिसरा दोडामार्गाकडे महाराष्ट्रात शिरतो आणि एक मयेमार्गे नार्व्याच्या बाजूस उतरतो.

दिसण्याचा दिवा आणि पाहण्याचा दिवा

नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये करविला. गोमंतकातील अशा देवळांपुढे दीपस्तंभ उभे असतात. त्यांच्या कोनाड्यांतून पणत्या लावल्या, की दुरून येणाऱ्यास देवालय कोठे आहे हे कळते. तो दिवा स्वतः दिसावा यासाठी असतो; पायाखालची वाट दाखविणे हे त्याचे काम नव्हे. पथदीपाचे काम नेमके उलट आहे. त्याने स्वतः शक्यतो डोळ्यांत येऊ नये आणि रस्ता मात्र दाखवावा. आपल्याकडील कितीतरी पथदीप दीपस्तंभासारखे वागतात. दुरून लखलखीत दिसतात, जवळ गेल्यावर डोळे दिपवितात, आणि त्यांच्या खालच्या गटाराचे उघडे तोंड मात्र दिसत नाही.

विजेचे दिवे रस्त्यावर आणण्याचा मान आपल्या देशात बंगळूरला दिला जातो. शिवनसमुद्र येथील जलविद्युत तेथे पोहोचल्यावर ऑगस्ट १९०५ मध्ये त्या शहराचे रस्ते उजळले. आमच्या बंगळूरकर वाचकांना ही गोष्ट ठाऊक असेलच. गोव्याच्या खेड्यापाड्यांत वीज पोहोचविण्याचे मोठे काम १९६१ च्या मुक्तीनंतरचे. गोवा सरकारचे वीज खाते १९६३ मध्ये स्थापन झाले आणि पथदीपांचे कामही मुख्यत्वे त्याच खात्याकडे राहिले. त्या काळात जेथे विजेच्या तारांसाठी खांब उभे राहिले, तेथेच त्यांच्यावर दिवे बसले. खांबांतील अंतर ठरले ते तारेचा ताण आणि घरजोडण्या पाहून. प्रकाश कोठे पडेल, हा हिशेब त्यात नव्हता. त्या वेळच्या निकडीत ते स्वाभाविकही होते. पण पुढच्या पुष्कळशा अडचणींचे मूळ त्या एका गोष्टीत आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

रात्री डोळा काय पाहतो

रात्री रस्त्यावर उभी असलेली काळी म्हैस वाहनचालकाला कशी दिसते? दिव्याचा प्रकाश म्हशीवर पडून ती उजळते म्हणून दिसते, असा आपला समज असतो. वस्तुतः काळ्या अंगावरून फारच थोडा प्रकाश परत येतो. ती दिसते ती तिच्या मागचा रस्ता उजळलेला असतो म्हणून. उजळ पडद्यावर उमटलेल्या छायेप्रमाणे. म्हणून वेगाने वाहने जाणाऱ्या रस्त्यावर दिव्यांचा खरा उद्देश रस्त्याचा पृष्ठभाग सलग उजळ ठेवणे हा असतो. दोन दिव्यांच्या मध्ये काळा पट्टा राहिला, तर म्हैस नेमकी त्या पट्ट्यात नाहीशी होते. गोव्यातील रस्त्यांवर रात्री बसणारी गुरे आणि दुचाक्यांची वर्दळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या सूत्राचे मोल वेगळे सांगायला नको. दुचाकीवरून उतारू नेणाऱ्या ‘पायलट’ मंडळींच्या दृष्टीने तर तो काळा पट्टा म्हणजे जिवाशी गाठ.

पायी चालणाऱ्याची गरज निराळी. त्याला खड्डा, पायरी, साप आणि समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसावा लागतो. म्हणजे प्रकाश जमिनीवर पडावा, तसा काहीसा उभ्या पृष्ठभागावरही पडावा. वृद्धांची गरज आणखी वेगळी. साठीच्या डोळ्यातील पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीच्या डोळ्याच्या सुमारे एक-तृतीयांशच असतो, आणि चकाकीचा त्रास मात्र वयाबरोबर वाढतो. म्हणूनच केवळ अधिक प्रखर दिवा लावणे हा उपाय ठरत नाही.

रस्त्यांच्या जाती

भारतीय मानकांत या विषयासाठी ‘आय. एस. १९४४’ ही संहिता आहे. तिचे पहिले दोन भाग १९७० मध्ये सुधारून प्रसिद्ध झाले. पुढे २०१० मध्ये राष्ट्रीय प्रकाशयोजना संहिताही निघाली. १९४४ क्रमांकाच्या संहितेत रस्त्यांचे गट पाडले आहेत. प्रकाशाचे माप लक्स हे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन प्रकाश पडला, तर तो एक लक्स. अंदाजासाठी सांगायचे, तर पौर्णिमेचे स्वच्छ चांदणे पाव लक्सच्या आसपास असते.

ए-१ गटात वेगवान आणि दाट रहदारीचे अत्यंत महत्त्वाचे मार्ग येतात. त्यांवर सरासरी ३० लक्स प्रकाश हवा. ए-२ गट शहरातील मुख्य, मिश्र रहदारीच्या रस्त्यांचा. त्याला १५ लक्स. बी-१ मध्ये बऱ्यापैकी रहदारीचे दुय्यम रस्ते आणि बाजारपेठा येतात. त्यांना ८ लक्स. बी-२ म्हणजे कमी रहदारीचे दुय्यम रस्ते. त्यांना ४ लक्स पुरतात. वस्त्यांतील इतर रस्ते, पूल, नगराचा मध्यभाग, तसेच विमानतळ वा रेल्वे यांच्या लगतचे रस्ते यांचे पुढे स्वतंत्र गट आहेत.

सरासरीपेक्षाही महत्त्वाची अट एकसारखेपणाची आहे. ए गटात सर्वांत कमी उजळ जागी सरासरीच्या निदान चार-दशांश, आणि बी गटात तीन-दशांश प्रकाश असलाच पाहिजे. खांबाखाली ४० लक्स आणि मधल्या जागेत जवळजवळ शून्य, अशा रस्त्याची सरासरी कागदावर चांगली निघते. चालणाऱ्याला मात्र तेथे ठेच लागते.

आता डिचोलीकडे वळू. गावातून जाणारे म्हापसा-साखळीकडचे मुख्य रस्ते आमच्या मते ए-२ गटात बसतात, पेठेतील बाजाराचे रस्ते बी-१ मध्ये, आणि लामगाव, बोर्डे यांसारख्या भागांतील आतले रस्ते बी-२ किंवा त्याखालच्या गटात. शेजारच्या पेडणे तालुक्यातून पत्रादेवीकडून येणारा चौपदरी राष्ट्रीय महामार्ग हे ए-१ चे उदाहरण. ही वर्गवारी एकदा करून कपाटात ठेवण्याची गोष्ट नव्हे. डिचोली परिसरातील खाणकाम २०१२ मध्ये थांबले, मध्यंतरी काही काळ चालून २०१८ मध्ये पुन्हा बंद पडले, आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत परत सुरू झाले. खाणीबरोबर रस्त्यांचे रूपही पालटते. खनिजाचे ट्रक दिवसा जात असले, तरी त्यांची तांबडी धूळ दिव्याच्या काचेवर बसते आणि रात्रीचा प्रकाश खाते.

उंची, अंतर आणि बाजू

मांडणीत तीन गोष्टी ठरवायच्या असतात: खांबाची उंची, दोन खांबांतील अंतर, आणि खांब रस्त्याच्या कोणत्या बाजूस. संहितेनुसार ए गटाच्या रस्त्यांवर दिव्याची उंची ९ ते १० मीटर, बी गटात साडेसात ते ९ मीटर, आणि लहान रस्त्यांवर त्याहून कमी असावी. दोन दिव्यांतील अंतर साधारणपणे उंचीच्या तिप्पट ते चौपट ठेवतात. म्हणजे ९ मीटर उंचीला २७ ते ३६ मीटर.

बाजू ठरते ती रस्त्याच्या रुंदीवरून. रुंदी दिव्याच्या उंचीइतकी किंवा तिच्याहून कमी असेल, तर एकाच बाजूला दिवे पुरतात. रुंदी उंचीच्या दीडपटीपर्यंत असेल, तर दोन्ही बाजूंना आलटून-पालटून दिवे लावावेत. त्याहून रुंद रस्त्याला दोन्ही बाजूंना समोरासमोर दिवे हवेत. मध्ये दुभाजक असेल, तर दुभाजकावरच दोन बाहूंचे खांब उभारणे सोयीचे. अगदी अरुंद पेठेत, जेथे खांबाला पायच ठेवता येत नाही, तेथे घराच्या भिंतीतून कमान काढून किंवा आडव्या तारेवर रस्त्याच्या मध्यावर दिवा टांगता येतो. यामुळे वाट मोकळी राहते आणि गाडी खांबावर आदळण्याची भीतीही उरत नाही.

एक उदाहरण करून पाहू. समजा, बाजाराचा रस्ता ७ मीटर रुंद आहे आणि दिव्यांतील अंतर ३० मीटर. एका दिव्याच्या वाट्याला २१० चौरस मीटर जागा आली. तेथे ८ लक्स हवे, म्हणजे रस्त्यावर १,६८० ल्युमेन पोहोचले पाहिजेत. पण दिव्यातून निघालेला सगळा प्रकाश रस्त्यावर पडत नाही. काही भिंतींवर जातो, काही आकाशात. चार-दशांश पोहोचतो असे धरू. शिवाय धुळीमुळे आणि दिवा जुना होत गेल्यामुळे त्यातलाही सात-दशांशच उरतो असे धरू. १,६८० ला ०.२८ ने भागले, की ६,००० ल्युमेनचा दिवा हवा असे उत्तर येते. दर वॅटला १२० ल्युमेन देणारा एलईडी दिवा घेतला, तर हे काम ५० वॅटमध्ये होते. एका किलोमीटरला असे सुमारे ३३ दिवे लागतात आणि अकरा तासांच्या रात्रीला वीज जळते जेमतेम १८ युनिट. हे गणित शाळेतले मूलही करू शकेल. पण ते न करता कोणी १५० वॅटचे दिवे साठ-साठ मीटरांवर लावले, तर वीज दीडपट जळेल आणि रस्ता मात्र उजेड-अंधाराच्या पट्ट्यांचा होईल.

वळण, नाका आणि पाऊस

सरळ रस्त्याचे नियम वळणावर चालत नाहीत. वळणावर दिवे बाहेरच्या अंगाला लावावेत आणि त्यांतील अंतर कमी करावे. येणाऱ्या चालकाला त्यामुळे समोरचा रस्ता उजळलेला दिसतो आणि दिव्यांची ओळच वळणाची दिशा सांगते. आलटून-पालटून लावलेले दिवे वळणावर दिशाभूल करतात. मयेकडे किंवा दोडामार्गाकडे जाणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्यांसारख्या ठिकाणी हा नियम पाळण्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. चढाच्या माथ्याजवळही दिवे जवळ-जवळ हवेत, कारण पलीकडचे काही दिसत नसते. जेथे एक रस्ता दुसऱ्याला येऊन मिळतो, तेथे येणाऱ्या रस्त्याच्या बरोबर समोर दिवा असावा. रस्ता येथे संपतो, हे त्यावरून चालकाला वेळेवर कळते. पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर दिवा डोक्यावर नसून वाहन येते त्या बाजूला थोडा अलीकडे असावा, म्हणजे ओलांडणारा माणूस चालकाच्या बाजूने उजळतो. आणि उजळलेला रस्ता जेथे संपतो, तेथे प्रकाश एकदम तोडू नये. डोळ्याला अंधाराची सवय होण्यास वेळ लागतो. म्हणून तो टप्प्याटप्प्याने कमी करावा.

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओला डांबरी रस्ता आरशासारखा वागतो. दिव्यांचे लांब चमकदार पट्टे उमटतात आणि मधला भाग अधिकच काळा होतो. दिव्यांतील अंतर ठरविताना कोरडा रस्ता डोळ्यांसमोर ठेवला, तर जून ते सप्टेंबर सगळा हिशेब चुकतो. पावसात आंब्या-फणसाच्या फांद्याही वाढतात. झाडाच्या माथ्यावर टांगलेला दिवा फांद्यांनाच प्रकाश देतो. अशा रस्त्यावर खांब कमी उंचीचे ठेवून त्यांचे बाहू फांद्यांखालून रस्त्यावर आणणे हे दरवर्षी झाड छाटण्यापेक्षा शहाणपणाचे. लोखंडी खांबाची जमिनीशी जोडणी आणि खांबाच्या पायथ्याची बंद पेटी यांची तपासणी तर पावसाळ्यापूर्वी झालीच पाहिजे. ओल्या खांबाला हात लावणारे मूल कोणत्याही गावचे असू शकते.

उत्सवाची वाट

येथवरचे नियम रोजच्या रात्रींसाठी झाले. डिचोलीच्या परिसरात वर्षातून काही रात्री अशा येतात, की रस्त्याची जातच बदलते. नव्या सोमवारच्या उत्सवात पालखीबरोबर सारे गाव रस्त्यावर असते. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावच्या श्रीलईराईच्या जत्रेत हजारो धोंड भक्त जमतात आणि रात्र सरता सरता निखाऱ्यांवरून जातात. ३ मे २०२५ च्या पहाटे या जत्रेत झालेल्या चेंगराचेंगरीत भाविकांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेच्या कारणांची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. पण अरुंद, उताराच्या वाटेवर मोठी गर्दी येणार हे आधीच ठाऊक असते, तेथे प्रकाशाचा विचारही आधीच झाला पाहिजे, एवढे म्हणणे कर्तव्य आहे. उताराची प्रत्येक पायरी आणि बाहेर पडण्याची प्रत्येक वाट दिसली पाहिजे. एक फेज गेली तरी सगळी वाट एकदम काळोखी होऊ नये, म्हणून लगतचे दिवे वेगवेगळ्या फेजवर जोडलेले असावेत. आणि शोभेच्या माळांना वाटेचे दिवे समजू नये. माळ ही दीपस्तंभाच्या कुळातली. ती दिसण्यासाठी असते.

जेथे अंधारच हवा

काही रस्त्यांवर प्रकाश आवरून धरणे हीच योजना असते. पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. विमानतळालगतच्या रस्त्यांवरील दिव्यांचा प्रकाश वर जाता कामा नये, आणि दिव्यांच्या रांगेने वैमानिकास धावपट्टीचा भास होता कामा नये.

त्याच तालुक्यात मोरजी आणि मांद्रे येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. वाळूतून बाहेर पडलेली पिल्ले अधिक उजळ क्षितिजाकडे धाव घेतात. नैसर्गिक रात्री ते क्षितिज समुद्राचे असते. किनाऱ्यामागच्या रस्त्यावर पांढरे झगझगीत दिवे असले, तर पिल्ले समुद्राकडे पाठ करून जमिनीकडे वळतात आणि मरतात. अशा ठिकाणी दिवे बुटके, वरून व समुद्राच्या बाजूने झाकलेले आणि पिवळसर-तांबूस रंगाचे असावे लागतात. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे किडेही अधिक येतात, हे आपल्या अंगणातही दिसते. वस्तीतील दिव्यांसाठी म्हणूनच ३,००० केल्विनच्या आसपासचा उबदार रंग सुखावह.

नवे दिवे, जुने खांब

जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारने पथदीपांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि देशभर सोडियमचे पिवळे दिवे व ट्यूबलाईटी जाऊन एलईडी आले. गोव्यातही तेच झाले. वीज वाचली, यात शंका नाही. परंतु पुष्कळ ठिकाणी जुन्या खांबावरचा जुना दिवा काढून त्याच जागी नवा बसविला गेला. जुन्या दिव्याचा प्रकाश चहूकडे सांडत असे. नव्याचा झोत आखीव असतो. तारेसाठी ठरलेले खांबांचे अंतर तेच राहिले, आणि मधल्या काळ्या जागा पूर्वीपेक्षा ठळक झाल्या. दिवा बदलणे हा खरेदीचा प्रश्न आहे. वाट उजळणे हा आखणीचा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याने मिळत नाही.

हे काम केवळ अभियंत्यांचे नाही. आमचे वाचक बडोद्यात असोत, इंदुरात असोत वा बेळगावात, एखाद्या अमावास्येच्या रात्री आपल्या आळीतून एक फेरी मारून पाहण्यास त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. कागदावर रस्त्याची रेघ ओढावी. खांब कोठे आहेत, मधल्या काळ्या जागा कोठे, कोणता दिवा झाडात गेला आहे, कोणता थेट डोळ्यांत येतो, वळणावरचा दिवा आतल्या अंगाला आहे की बाहेरच्या, हे त्यावर टिपावे. बरोबर घरातील वडीलधारे माणूस असावे, कारण तरुण डोळ्याला पुरणारा प्रकाश त्यांना पुरत नाही. मोबाईलमधील प्रकाश मोजण्याची सोय अचूक नसली, तरी दोन जागांमधला फरक तिच्याने कळतो. असा कागद घेऊन कचेरीत गेलेल्या नागरिकाला ‘दिवे वाढवू’ एवढे उत्तर पुरे वाटणार नाही, आणि तसे उत्तर देणे अधिकाऱ्यालाही जड जाईल. कित्येकदा त्या कागदावरून असेही दिसून येईल, की नवा दिवा मुळीच नको आहे. आहे तोच दहा पावले सरकवायचा आहे.